जुनं टॅव्हर्न टेबल घरी आणताना

अमेरिकेच्या ईशान्येला, म्हणजे न्यू इंग्लंडच्या मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, न्यू हॅम्पशायर या पट्ट्यात नव्याने घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना जुन्या वस्तूंच्या दुकानात एक टेबल वारंवार दिसतं. उंचीला बेताचं, चार कातीव पाय, ते पाय जमिनीपासून थोड्या उंचीवर आडव्या पट्ट्यांनी जोडलेले, वर एक-दोन रुंद फळ्यांचा टॉप, कधी एखादा खण. चिठ्ठीवर ‘टॅव्हर्न टेबल’ असं लिहिलेलं असतं आणि किंमत शेजारच्या टेबलापेक्षा कितीतरी जास्त किंवा संशय यावा इतकी कमी असते. घेऊ का, खरं आहे का, घरात कुठे ठेवू, मुलं लहान आहेत तर चालेल का, असे प्रश्न मला अनेकजण विचारतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. घाई नको. हे टेबल समजून घेतलं तर ते पुढची शंभर वर्षंही तुमच्या घराण्यात वापरात राहू शकतं.

आधी टेबल कुठलं ते पाहू. सतराव्या शतकाच्या मध्यापासून अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत न्यू इंग्लंडमध्ये गावोगावी टॅव्हर्न होत्या. जेवण, मुक्काम, घोड्यांची सोय आणि दारू हे सगळं एका छताखाली. मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळाने तर १६५६ साली असा नियम केला, की गावाने अशी खाणावळ चालवली नाही तर त्या गावाला दंड होईल. गावच्या सभा, पंचायती, पत्रांची देवाणघेवाण, सैन्यभरती, सगळं तिथेच व्हायचं. न्यूयॉर्कच्या फ्रॉन्सेस टॅव्हर्नमध्ये ४ डिसेंबर १७८३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला, तोही टॅव्हर्नच्याच दालनात. अशा खोल्यांमध्ये फर्निचर हलकं आणि दणकट लागायचं. दिवसा मधोमध, रात्री भिंतीला, कारण त्याच जमिनीवर प्रवाशांची अंथरुणं पडायची. पण हीच टेबलं साध्या शेतकऱ्यांच्या घरात, स्वयंपाकघरात, दुकानातही होती. म्हणून ‘याच टेबलावर अमेरिकन क्रांतिकारक बसले होते’ असं विक्रेता सांगू लागला तर शांतपणे ऐकून घ्या आणि त्या गोष्टीसाठी एक डॉलरही जास्त देऊ नका. कागदोपत्री पुरावा असेल तरच गोष्टीला किंमत.

लाकूड ओळखायला थोडी सवय लागते. न्यू इंग्लंडच्या टेबलांचे पाय आणि चौकट बहुधा मेपल किंवा बर्च या कठीण लाकडाची असते आणि टॉप पाइनचा. कारण सरळ आहे: कातायला कठीण, घट्ट लाकूड हवं, आणि रुंद फळी पाइनचीच सहज मिळायची. पेनसिल्व्हेनियाची टेबलं वॉलनटची, जास्त भारदस्त. त्यातल्या जर्मन वस्तीतल्या टेबलांचा टॉप लाकडी खुंट्या काढून वेगळा करता येतो. ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकट भागात कोपरे गोल होऊन बाहेर आलेला टॉप दिसतो, त्याला पॉरिंजर टॉप म्हणतात. तो मला सगळ्यांत देखणा वाटतो आणि त्याची नक्कलही म्हणूनच जास्त होते.

पहिलं काम: घरात मोजमाप

दुकानात जाण्याआधी घरात मोजपट्टी फिरवा. जुनी टॅव्हर्न टेबलं साधारण २५ ते २८ इंच उंच असतात. आजचं जेवणाचं टेबल २९ ते ३० इंच. हा फरक ऐकायला किरकोळ आहे, बसल्यावर कळतो. आजच्या खुर्चीची बैठक १७-१८ इंचांवर असते. २६ इंचांच्या टेबलाला टॉपखाली पाच इंचांची चौकट असेल तर मांड्यांना उरतात जेमतेम दोन-तीन इंच. त्यात खाली आडव्या पट्ट्या, त्यांना पाय अडतात. चार माणसांच्या रोजच्या जेवणासाठी हे टेबल घेऊ नका. टॉप बहुधा अडीच ते साडेतीन फूट लांब आणि पावणेदोन ते सव्वादोन फूट रुंद असतो. वरण, भात, भाजी, कोशिंबीर, ताक असं सगळं मांडायला तशीही जागा पुरणार नाही.

मग कशासाठी घ्यायचं? सोफ्याचा हात बहुतेक २४ ते २६ इंचांवर असतो, तेव्हा त्याच्या शेजारी दिवा, पुस्तकं, चहाचा कप ठेवायला ही उंची अगदी बरोबर बसते. दाराजवळ किल्ल्या, टपाल ठेवायला. खिडकीशी दोन खुर्च्या टाकून दोघांच्या सकाळच्या चहाला. आणि माझं सर्वांत आवडतं उत्तर: आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासाला. मोठ्यांना अडचणीची असलेली उंची त्यांना सोयीची पडते, आणि वही-पेन्सिलीचा मारा झेलायला या टेबलाइतकं समर्थ लाकूड नव्या फर्निचरमध्ये क्वचितच मिळतं.

जागा ठरवताना हीटिंगची जाळी किंवा भिंतीलगतचा हीटर कुठे आहे ते पाहा. हिवाळ्यात इथल्या घरांतली हवा फार कोरडी होते. गरम झोताच्या तोंडाशी ठेवलेला पाइनचा टॉप एका हिवाळ्यात तडकू शकतो. दुपारचं थेट ऊनही नको. टेबलाभोवती येण्याजाण्याला तीन फूट वाट सोडा. हे सगळं कागदावर लिहा, आणि मोजपट्टीसकट तो कागद सोबत ठेवा.

दुसरं काम: खरी टेबलं आधी पाहून या

विकत घ्यायच्या आधी किमान एक दिवस फक्त बघण्यासाठी द्या. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधलं हिस्टॉरिक डीअरफिल्ड, डेलावेअरमधलं विंटरथर, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला अमेरिकन विभाग, आणि वर उल्लेख आलेलं फ्रॉन्सेस टॅव्हर्नचं संग्रहालय, यांपैकी जे जवळ असेल ते. बॉस्टनच्या पश्चिमेला सडबरी गावात वेसाइड इन ही जुनी खाणावळ आहे. हाऊ कुटुंबाला तिथे १७१६ साली परवाना मिळाला आणि १९२३ मध्ये हेन्री फोर्ड यांनी ती वास्तू विकत घेऊन सांभाळली. अजूनही तिथे जेवायला बसता येतं. जुन्या खोलीत अशी टेबलं किती लहान, किती बुटकी वाटतात आणि खोलीत किती मोकळीक ठेवतात, हे छायाचित्रांतून कळत नाही.

संग्रहालयात हात लावता येत नाही, पण वाकून खाली पाहता येतं. पायाचं कातकाम नीट पाहा. १६९० ते १७३० च्या सुमारास ते जाड, फुगीर असतं, सुरईसारखे फुगवटे आणि मध्ये कड्या. १७३० नंतर पाय हळूहळू सडसडीत होतात, खाली गोल गादीसारखं पाऊल येतं. कातकाम जितकं ठळक आणि खोल, तितकं टेबल मागणीत. थोडी टेबलं पाहून झाली की डोळा आपोआप फरक करू लागतो.

तिसरं काम: टेबल उलटं करा

टेबलाचा सगळा इतिहास खालच्या बाजूला लिहिलेला असतो. टॉप कितीही सुंदर असो, खालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेत्याची परवानगी घ्या, दोघांनी मिळून टेबल कापडावर उलटं ठेवा. सोबत चांगली विजेरी, भिंग, मोजपट्टी आणि जमलं तर एक कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, ठेवा. जो विक्रेता उलटं करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, बस्स.

लाकूड वर्षानुवर्षं आकसतं, पण रेषांच्या, म्हणजे लाकडातल्या धाग्यांच्या, दिशेने जवळजवळ नाही, रेषांना आडवं मात्र बरंच. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मं काम झालं. गोल टॉप असेल तर एकदा रेषांच्या दिशेने आणि एकदा आडवं मोजा. अडीचशे वर्षांच्या टॉपमध्ये पाव ते अर्ध्या इंचाचा फरक यायला हवा. दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली तर टॉप नवा आहे असं समजा. पाय कातताना गोल होते, आता किंचित लंबगोल झालेले असतील. कॅलिपरने पायाच्या जाड भागावर दोन दिशांनी माप घ्या. हाताच्या बोटांनाही हे जाणवतं. चौकोनी टॉपच्या दोन टोकांना आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतील तर त्या टॉपच्या कडेपेक्षा थोड्या पुढे आलेल्या दिसतील, कारण मधल्या फळ्या आकसल्या आणि टोकाची पट्टी लांबीला तेवढीच राहिली. अगदी एका रेषेत असलेल्या कडा पाहून खूश होऊ नका.

आता सांधे. पाय आणि चौकट कुसू घालून, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून, जोडलेली असते आणि आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. खुंट्या हाताने तासलेल्या, म्हणून त्यांची तोंडं नेमकी गोल नसतात आणि लाकूड आकसल्यामुळे त्या पायाच्या पृष्ठभागातून केसभर वर आलेल्या असतात. बोट फिरवलं की लागतात. यंत्रावर काढलेली एकसारखी गोल खुंटी, पृष्ठभागाशी सपाट, ही अलीकडची.

टॉपच्या खालच्या बाजूला तिरका प्रकाश टाका. हातरंध्याचे खोलगट, किंचित लाटांसारखे पट्टे दिसले पाहिजेत. खालची बाजू कुणी पाहणार नाही म्हणून त्या सुताराने ती गुळगुळीत केलेली नसे. करवतीच्या खुणा सरळ आणि समांतर असतील तर ठीक. वक्राकार, वर्तुळाचे तुकडे वाटाव्यात अशा असतील तर ती फळी गोल करवतीवर चिरलेली आहे, म्हणजे साधारण १८३० नंतरची.

खिळ्यांकडे वळा. हाताने घडवलेल्या लोखंडी खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचे तीन-चार ठोके उमटलेले असतात. १७९० च्या दशकापासून पत्र्यातून कापलेले, चौकोनी टोकाचे खिळे आले. आज आपण वापरतो ते तारेचे गोल खिळे १८९० च्या सुमारास सर्रास झाले. स्क्रू असतील तर त्यांची टोकं पाहा: टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे, आणि डोक्यावर फुलीची खाच असलेले १९३० च्या दशकानंतरचे. एखादा नवा खिळा किंवा स्क्रू म्हणजे टेबल खोटं, असं मात्र नाही. अडीचशे वर्षांत कुणीतरी दुरुस्ती करणारच. सगळेच खिळे एका वयाचे आणि तेही नवे असले, तर मात्र विचार करा.

रंग पाहताना सर्वांत जास्त वेळ घ्या. पॉलिश न केलेलं जुनं लाकूड हवेने कोरडं, मातकट तपकिरी होतं. टॉपचा जो भाग चौकटीबाहेर येतो त्याच्या खाली, कडेलगत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांचा मळ बसून गडद पट्टा तयार झालेला असतो. चौकटीच्या आत रंग वेगळा. टॉपच्या खाली दुसऱ्याच एखाद्या चौकटीची सावली दिसते का, ज्यांचा अर्थ लागत नाही अशी भोकं आहेत का, हे बघा. तसं असेल तर टॉप एका टेबलाचा आणि पाय दुसऱ्याचे आहेत. आणि खालची संपूर्ण बाजू सारख्या गडद रंगाने माखलेली असेल, त्यातून ताज्या रंगाचा वास येत असेल, तर काहीतरी लपवलंय.

झिजेला कारण असलं पाहिजे. लोक समोर बसायचे तेव्हा पाय पुढच्या आडव्या पट्टीवर टाकायचे, म्हणून ती वरून आणि बाहेरून झिजते, मधोमध जास्त, पायांजवळ कमी. खालच्या पट्ट्या चारही बाजूंनी सारख्याच घासलेल्या दिसल्या, तर ते काम कानसीचं. खण असेल तर तो पूर्ण बाहेर काढा. खणाच्या बाजूंच्या खालच्या कडा सरकून-सरकून झिजलेल्या हव्यात. कोपऱ्यांचे सांधे थोडे, मोठे आणि असमान हवेत. यंत्राने कापलेले बारीक, एकसारखे सांधे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे.

पावलं शेवटी. ओलसर जमिनीवर शतकभर उभं राहून ती झिजतात, कुजतात. म्हणून अनेक टेबलांची उंची आज मूळपेक्षा इंच-दोन इंच कमी आहे, किंवा पावलांना खालून जोड दिलेला आहे. पायाच्या लाकडाची रेषा एकदम तुटून नवी सुरू होते का, ते पाहा.

इतकं सगळं पाहूनही माणूस फसू शकतो, आणि मोठमोठे फसलेत. ऱ्होड आयलंडचे शिल्पकार आर्मांड लामाँटेन यांनी सतराव्या शतकातल्या, कातीव दांड्यांच्या ब्रूस्टर खुर्चीची हुबेहूब नक्कल केली, ती जुनी दिसेल अशी तिच्यावर प्रक्रिया केली आणि बाजारात सोडली. १९७० च्या दशकात ती मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयात ९,००० डॉलरला घेतलेली खरी खुर्ची म्हणून मांडलेली होती. त्यांनी भोकं मुद्दाम आधुनिक गिरमिटाने पाडली होती, आणि त्याच पुराव्याने अखेर सत्य बाहेर आलं. संग्रहालयाने ती खुर्ची पुढे नकला कशा ओळखाव्यात हे शिकवायला वापरली. तेव्हा एका खुणेवर विश्वास नको. पाच-सहा खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या की मगच पुढे जा.

चौथं काम: काय चालेल, काय नाही, ते ठरवा

नवख्या माणसाने निर्दोष टेबलामागे लागू नये. ती थोडी आहेत, महाग आहेत आणि खरं सांगायचं तर घरात वापरायला मन धजत नाही. पावलांना दिलेला जोड, खणाची नवी मूठ, एखादी बदललेली खुंटी, टॉपवरचे पेल्यांचे गोल डाग, जळक्या खुणा, सुरीचे ओरखडे हे सगळं चालेल. त्या जळक्या खुणांना तर मी दोष म्हणणारच नाही. टॅव्हर्नमध्ये बिअर, रम आणि गूळसर गोडी घातलेलं ‘फ्लिप’ नावाचं पेय लालबुंद लोखंडी सळई बुडवून गरम करत, मातीच्या चिलमी ओढत, टेबलं डागाळणारच.

बदललेला टॉप मात्र किंमत निम्म्याहून खाली आणायला पुरेसा आहे. विक्रेता तसं स्पष्ट सांगत असेल आणि भाव त्याप्रमाणे असेल तर रोजच्या वापराला असं टेबल उत्तम. दोन टेबलांचे अवयव जोडलेलं टेबल घेऊ नका, निदान पहिलं म्हणून तरी नाही. आणि जे टेबल घासून, तासून, नवं चकचकीत पॉलिश चढवून ‘पुनर्जीवित’ केलेलं आहे, त्याच्यापासून दूर राहा. अडीचशे वर्षांत आलेला पृष्ठभाग दोन तासांच्या सँडिंगमध्ये जातो आणि परत आणण्याचा मार्ग नसतो.

विसाव्या शतकातल्या चांगल्या नकलांबद्दल मात्र मला आदर आहे. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या शताब्दी प्रदर्शनानंतर जुन्या वसाहतकालीन घरांची आवड वाढली आणि पुढे अनेकांनी अशी टेबलं नव्याने बनवली. जुन्या फर्निचरचे अभ्यासक वॉलेस नटिंग यांच्या कारखान्यातली टेबलं जुन्या नमुन्यांवरून मन लावून केलेली आहेत आणि त्यांवर त्यांच्या नावाचा डागून काढलेला शिक्का असतो. घरात रांगतं मूल असेल, तर असं शंभरेक वर्षांचं प्रामाणिक टेबल घ्या, असं मी आवर्जून सांगेन.

पाचवं काम: खरेदी

मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रिमफील्ड गावात वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो. शेजारीच ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज हे खुलं संग्रहालय आहे, तेव्हा एका फेरीत शिकणं आणि घेणं दोन्ही होतं. न्यू जर्सीकरांना लॅम्बर्टव्हिल जवळ, फिलाडेल्फियाकडच्यांना ॲडम्सटाउन. गावातले छोटे लिलाव सर्वांत स्वस्त पडतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गडद लाकडी जुन्या फर्निचरची मागणी बरीच उतरली आहे, आणि साधं, दुरुस्ती झालेलं पण खरं टेबल मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आलंय. मूळ जुना रंग टिकलेली टेबलं अजूनही महागच.

लिलावात पुकारलेल्या भावावर लिलावगृहाचं कमिशन चढतं, बहुधा २० ते २५ टक्के, आणि वर विक्रीकर. मनात आकडा ठरवताना हे सगळं धरूनच ठरवा. लिलावाच्या आदल्या दिवशी वस्तू पाहायला ठेवलेल्या असतात; ती वेळ चुकवू नका, नुसत्या फोटोंवरून बोली लावू नका. दुकानातून घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा: टॉप मूळचा आहे का, पावलांना जोड आहे का, रंग किंवा पॉलिश कधी बदललंय का. उत्तरं पावतीवर लिहून मागा, अंदाजे सालासकट. चांगला विक्रेता हे आनंदाने करतो, उलट तुम्हाला आणखी चार गोष्टी शिकवतो. भाव करायला संकोच करू नका. इथेही या धंद्यात भाव करतात, फक्त सभ्यपणे, ‘याहून काही कमी होईल का’ इतकंच विचारून.

सहावं काम: घरात घेण्याआधी

टेबल थेट दिवाणखान्यात नेऊ नका. गॅरेजमध्ये किंवा पडवीत काळ्या कागदावर दोन आठवडे उभं ठेवा. लाकडाला बारीक भोकं असतील तर ती जुनी आहेत का चालू आहेत, हे कागद सांगेल: फिकट पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा जिवंत आहे. अशा वेळी घरगुती औषधं फवारू नका, पॉलिशवरून ती आत जातही नाहीत. जुन्या फर्निचरचं काम करणाऱ्या जाणकाराकडे द्या.

टेबलाला जुना रंग असेल तर त्यात शिसं आहे असं गृहीत धरा. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या दोनशे वर्षांचं काय ते समजून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात तपासणीच्या काड्या मिळतात. शिसं निघालं तर सँडपेपर लावायचा नाही, रंग खरवडायचा नाही, धूळ कोरडी झाडायची नाही. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल आणि रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर ते टेबल घेऊच नका. वरून मेण लावलं म्हणजे सुरक्षित झालं, असं होत नाही.

बिनरंगी टेबलाची सफाई अगदी साधी. किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा, लगेच कोरड्या कापडाने. मग मधमाश्यांच्या मेणाचं घट्ट पॉलिश बोटभर घेऊन पातळ हात फिरवा, वाळू द्या, लोकरी कापडाने घासा. वर्षातून एकदा-दोनदा पुरे. सिलिकोन असलेले चमक आणणारे फवारे मुळीच नकोत. ते लाकडात बसतात आणि पुढे कुठलीही दुरुस्ती अवघड करून ठेवतात. टेबल डुगडुगत असेल तर पाय कापून सारखे करायला जाऊ नका. आखूड पायाखाली बुचाचा किंवा चामड्याचा तुकडा घाला. पावलांना खिळ्यांचे गट्टू ठोकू नका, खाली नमद्याचे तुकडे ठेवा.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी

तिथल्या जुन्या पबमधली प्रसिद्ध टेबलं वेगळी: बिडाच्या ओतीव पायांची, वर लाकडी किंवा संगमरवरी टॉप, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या उत्तरार्धातली. पायांवर ब्रिटानियाचा, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या देवीचा, मुखवटा असतो, आणि काही टेबलांवर चक्क दाढीवाले क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस. क्रिकेटवेड्या घरात ते टेबल किती शोभेल! तपासणी सोपी आहे. मूळ ओतकामात नाक, डोळे, दाढीच्या रेषा स्वच्छ उठलेल्या असतात. जुन्या पायावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत त्या बोथट होतात. टॉप बहुतेकदा बदललेला असतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वजन मात्र भरपूर, तेव्हा वरच्या मजल्यावर नेण्याआधी जिना पाहा.

सातवं काम: घरात मांडणी

या टेबलाला जागा द्या, गर्दी देऊ नका. त्याचं सौंदर्य पायांच्या कातकामात आणि पायांमधल्या मोकळ्या अवकाशात आहे. खाली टोपल्या, बूट, खेळण्यांचे डबे सरकवले की ते अवकाश संपतं. लांब टेबलक्लॉथ घालून पाय झाकू नका. सोबत सगळं घर जुन्या अमेरिकन फर्निचरने भरायची गरज नाही. साधा आधुनिक सोफा, पांढरी भिंत, एक सतरंजी, वर पितळी समई किंवा तांब्याचा जुना हंडा इतक्यात ते खुलतं. पितळ आणि काळवंडलेलं मेपल एकमेकांशेजारी फार छान दिसतात. खुर्ची ठेवायचीच तर जुनी विंडसर खुर्ची, म्हणजे काड्यांच्या पाठीची लाकडी खुर्ची, ठेवा. तिची बैठक थोडी बुटकी असते, त्यामुळे उंची जुळते.

आपल्या घरातले धोके वेगळे आहेत, ते अमेरिकन पुस्तकांत सापडत नाहीत. हळद पहिली. मेण लावलेल्या पाइनवर हळदीचं तेल सांडलं तर लगेच टिपून घ्या, घासू नका. राहिलेला पिवळेपणा उजेडात हळूहळू फिका होतो. साबण, ब्लीच, लिंबू यांतलं काही लावू नका. कुंकू त्याहून वाईट, ते रेषांमध्ये बसतं. गरम कुकर, कढई, चहाचं भांडं थेट ठेवू नका. निरांजन, समई खाली ताट ठेवूनच लावा.

गणपतीत हे टेबल मखरासाठी वापरायला हरकत नाही, मला तर ते आवडतं. पण टॉपच्या चौकटीबाहेर आलेल्या कडेवर जड मूर्ती ठेवू नका. भार पायांच्या आतल्या चौकोनावरच आला पाहिजे. आधी जाड चादर, त्यावर पाण्याला दाद न देणारं कापड, त्यावर पाट, मग मूर्ती. फुलं, दूर्वा, पंचामृत, नारळाचं पाणी सगळं त्या कापडावरच राहील. विसर्जनानंतर कापड ताबडतोब काढा. ओल अडकून राहिली तर दोन दिवसांत पांढरा डाग उमटतो. मखराला टाचण्या, खिळे, चिकटपट्टी टेबलाच्या लाकडावर लावायची नाही. चिकटपट्टी काढताना जुना पृष्ठभाग सोबत निघून येतो.

हिवाळ्यात खोलीतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर पाहा. साधं ह्युमिडिफायर पुरतं, आणि घरातल्यांच्या नाकाघशालाही बरं. टॉपमध्ये फट वाढलेली दिसली तर लगेच लुकण भरू नका. उन्हाळ्यात लाकूड फुगून ती फट पुन्हा मिटते, आणि भरलेली असेल तर फळीच फुटते.

टेबल हलवताना टॉपला धरून उचलू नका, जमिनीवरून ओढू तर नकाच. खण आधी काढून बाजूला ठेवा, मग दोघांनी दोन बाजूंनी चौकटीखाली हात घालून उचला, आणि चारही पावलं एकदम टेकतील असं खाली ठेवा.